मामा रुसले म्हणून झालेली मुलाखत

...आणि वर हिंदुराव मलाच म्हणतात, "वहिनी, तुमी मदी पडायला नको हुतं." आता तुम्हीच सांगा, मधे कोण पडलं? माझं घरच मधे हाय. डावीकडं हिंदुराव, उजवीकडं मल्लिनाथ आणि मधे मी, त्याला मी काय करू? आणि भिंती कसल्या, तर एका विटेच्या. हिंदुरावांनी शेंगदाणा चावला तरी मला कळतं, खारा हाय की साधा. मी काय कान लावून बसत नाही हो, भिंतच एका विटेची हाय.

तर तुम्हाला सांगते, हे हिंदुराव म्हणजे एस.टी.तले रिटायर मेकॅनिक. तीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली काढली, माणूस सोन्यासारखा, पण एक वेड हाय. क्लॅरिनेटवाले पंडित चन्नप्पा. पंडितजी मूळचे आपल्या सोलापूरचे, आता पुण्यात असतात, परदेशात जाऊन वाजवून येतात, शाली तर इतक्या मिळाल्यात की माणसानं दुकान काढावं. हिंदुरावांच्या भिंतीवर देवांचे फोटो चार आणि पंडितजींचे पाच. दर गुरुवारी सकाळी दहाला त्यांच्या सोप्यात 'पंडित चन्नप्पा रसिक मंडळ' भरतं. मंडळ म्हणजे केवढं, तर सात माणसं, त्यात दोघांना ऐकू कमी येतं म्हणून ते पुढं बसतात. गाणंबजावणं ऐकायच्या मंडळात ऐकू न येणारे दोन, पण वर्गणी वेळेवर देतात, म्हणून कुणी काही बोलत नाही. अध्यक्ष सयाजी मास्तर. मंगळवेढ्याहून एस.टी.नं येतात, काखेत जाडजूड वही. पंडितजींनी कुठल्या साली काय वाजवलं, कुठल्या गावात वाजवताना मधेच पाणी प्यायले, सगळं त्या वहीत. स्वतः पंडितजींनासुद्धा एवढं आठवत नसेल.

मागच्या महिन्यात काय झालं, हिंदुराव करकंबला गेले होते भाचीच्या वास्तुशांतीला. तिथं एका जुन्या लाऊडस्पीकरवाल्याचं सामान भंगारात निघालं होतं. लोक जेवायला बसले आणि हे महाराज भंगाराच्या पोत्यात हात घालून. त्यात एक कॅसेट, वर निळ्या शाईनं लिहिलेलं, 'बँडवाला चन्नप्पा, बोलणं'. जिलबी सोडून आला माणूस. सगळ्या वाटेनं कॅसेट मांडीवर घेऊन बसला होता म्हणे, बाळंतिणीनं तान्हं घ्यावं तशी. मग माळ्यावरनं टेपरेकॉर्डर काढला, पट्टा बदलला, तेल घातलं, कॅसेटीची बुरशी पुसली. तीन दिवस पलीकडनं नुसतं खुर्र खुर्र. मला तर वाटलं, हिंदुरावांनाच दमा लागला.

आणि चौथ्या दिवशी आवाज आला. मी कणीक मळत होते, तशीच थांबले. भिंतच एका विटेची हाय, मी काय करू?

काय होतं त्यात सांगू? पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं लग्न. मांडव भरलेला, अक्षता वाटलेल्या, आणि नवरदेवाचा मामा रुसला. का, तर बाकीच्या पाव्हण्यांना आहेरात फेटा आणि ह्याला टोपी. आपल्याकडं मामा रुसला म्हणजे भटजीबी चहा प्यायला जातो. दीड तास लग्न खोळंबलं. लाऊडस्पीकरवाल्यानं नवाकोरा टेप घेतलेला, त्याला काही सुचेना, तर त्यानं माईक बँडातल्या एका पोरापुढं धरला. ते पोरगं म्हणजे आपले पंडित चन्नप्पा, वय वर्षं एकोणीस. "हालो, हालो... तर मंडळी, जवर मामा उठत न्हाईत तवर आपन बँडवाल्या चन्नप्पाला चार सवाल करू." आणि मागनं बायकांचा आवाज, "भाऊजी, दोन घास तरी खावा की." आणि मामा, "मला टोपी? मला?"

गुरुवारी मंडळ भरलं. पहिला तास नुसता त्या मामावर गेला. सयाजी मास्तर म्हणाले, टोपीचा उल्लेख वहीत घ्यायचा की नाही, यावर मतदान घ्या. घेतलं. टोपी पास झाली. मग पुढं टेप सरकला, आणि त्या लाऊडस्पीकरवाल्यानं विचारलं, "तुला वाजवाय शिकिवलं कुणी रं?"

आणि पोरगं म्हणालं, "धुळाप्पाण्णानं. आमच्याच बँडात हाय की. त्यो बगा, चिंचंखाली बसून नळी पुसतोय. मला फुंकर त्यानं दिली. दुसरा गुरू न्हाई मला अजून."

तुम्हाला सांगते, पलीकडं कुणीतरी टेप खटकन बंद केला.

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं काय झालं? तर झालं असं की मंडळानं पंडितजींची एक पुस्तिका काढलीय, सयाजी मास्तरांनी लिहिलेली. त्यात पान दोनवर छापलंय की पंडितजी दहाव्या वर्षी धारवाडला एका नामवंत गुरुजींच्या पायाशी बसले आणि पहिला सूर तिथंच घेतला. मंडळातली माणसं ते पान पाठ म्हणतात, आपण आरती म्हणतो तसं. आणि हा धुळाप्पा कोण? तर माझ्या उजवीकडच्या मल्लिनाथचा बाप. आमच्याच ओळीत राहिला, इथंच गेला. कट्ट्यावर बसून वर्षानुवर्षं एकच सांगायचा, "चन्नप्पाच्या तोंडात पहिला सूर मी घातलाय." आणि सगळे हसायचे. सगळ्यात मोठ्यानं कोण? हिंदुराव. "व्हय व्हय अण्णा, आन येष्टीचं पयलं चाक मीच बसिवलं." कट्टा लोळायचा हसून. मीबी हसलेय, खोटं कशाला बोलू. मग एक दिवस धुळाप्पाण्णा बोलायचा थांबला. क्लॅरिनेट पेटीत घातलं, पेटी माळ्यावर टाकली, आणि मरेपर्यंत सहा वर्षं वर बघितलं नाही.

त्या मल्लिनाथला शाळेत पोरं 'थापाड्याचं पोरगं' म्हणायची. आता चिंचोळी एमआयडीसीत कामाला हाय, शिफ्टमधे, मान खाली घालून जातो, मान खाली घालून येतो. त्याची पोरगी अंकिता, आठवीत. तिला आज्ज्याचं क्लॅरिनेट पाहिजे. दोन वर्षं झाली रोज मागते, जेवताना मागते, वेणी घालताना मागते. आणि मल्लिनाथचं उत्तर ठरलेलं, "त्या पिपाणीनं एकाचं हसं झालं, बास झालं. गणितं सोडीव." हेही मला उजवीकडच्या भिंतीतनंच कळतं. तीबी एका विटेचीच हाय.

तर इकडं मंडळात सयाजी मास्तर उभे राहिले. "हा आवाज बनावट असू शकतो. हल्ली कंप्युटरवर कोणाचाही आवाज काढता येतो."

हिंदुराव म्हणाले, "मास्तर, कॅसेटीला बुरशी आलती. कंप्युटर बुरशीबी काडतो व्हय?"

"ते काहीही असो. हे बाहेर गेलं तर पंडितजींची शोभा होईल. लोक म्हणतील, बँडवाल्यानं शिकवलेला. ठराव मांडतो, कॅसेट कपाटात कुलपात." सहा हात वर. पुढच्या दोघांनी तर ठराव सांगायच्या आधीच हात वर केले. हिंदुरावांनी हात वर केला नाही, पण नको असंही म्हणाले नाहीत. कुलूप लागलं, किल्ली हिंदुरावांच्याच गळ्यात, जानव्यासारखी.

आणि मंडळ गेलं की कुलूप उघडायचं. "त्यो बगा, चिंचंखाली बसून नळी पुसतोय." मागं. परत. "त्यो बगा, चिंचंखाली..." मागं. परत. चार दिवस. त्यांची बायको नळावर मला म्हणाली, "भाकरी तशीच सोडून उटत्यात ओ. कुणी मेलंय का म्हणावं तर मेलेला अकरा वर्सामागं मेला." आता सांगा, शेजारीण म्हणून माझं काही काम हाय की नाही?

मी फक्त चटणी द्यायला गेले होते मल्लिनाथकडं. शेंगाचटणी, ताजी कुटलेली. आता चटणी देताना माणूस गप उभं राहतं का? निघालं तोंडातनं. मल्लिनाथ बुटाची नाडी बांधत होता, दुपारच्या शिफ्टला निघालेला. म्हणाला, "काकू, बाप मेल्यावर आता कॅसेट कशाला?" नाडी बांधली, सोडली, परत बांधली, आणि गेला. पण आत अंकिता गणितं सोडवत होती की. ती उठली, थेट हिंदुरावांच्या दारात, मागनं मी. "आजोबा, माझ्या आज्ज्याचं नाव तुमच्या टेपात हाय म्हनं. मला ऐकवा." हिंदुरावांचा हात गळ्यातल्या किल्लीवर. म्हणाले, "तुझ्या बापाची सुट्टी कदी आसती?" ती म्हणाली, "गुरुवारी." आणि मग माझ्याकडं वळून ते वाक्य. वहिनी, तुमी मदी पडायला नको हुतं. हाय का आता.

गुरुवार उजाडला. दहाला मंडळ आलं, तर हिंदुराव टेपरेकॉर्डर टॉवेलात गुंडाळून दारात उभे. सयाजी मास्तर म्हणाले, "हा ठरावाचा भंग आहे." हिंदुराव म्हणाले, "व्हय, हाय," आणि चालायला लागले. माझ्या दारावरनं उजवीकडं. मागनं सहाच्या सहा माणसं, मास्तर वही हलवत, "नियम पाच, नियम पाच." आणि मलाही जावं लागलं, कारण वायरचा बोर्ड माझा होता.

लावला टेप. मल्लिनाथ चौकटीला हात लावून उभा. मामा रुसला, टोपी झाली, आणि मग ते आलं. "धुळाप्पाण्णानं. त्यो बगा, चिंचंखाली बसून नळी पुसतोय."

मल्लिनाथ म्हणाला, "परत लावा."

परत लावलं.

हिंदुराव खाली बघून म्हणाले, "मल्ल्या, मी लई हासलो तुज्या बापाला."

मल्लिनाथ म्हणाला, "सगळीच हासली काका. मीबी हासलोय. पोरं हासायची म्हनून मीबी त्यांच्यात हासलोय." आणि असा तोंड फिरवून पाणी प्यायला गेला, आणि नुसता तांब्या हातात धरून उभा राहिला.

अशा वेळी गप बसावं की नाही? पण सयाजी मास्तर. "भावना समजू शकतो. परंतु पुराव्याशिवाय..." तेव्हा हिंदुरावांनी खिशातनं मोबाईल काढला. पंडितजींचा नंबर त्यांच्याकडं बारा वर्षं हाय. कधी लावला नाही. विचारलं तर म्हणायचे, देवाला कोण फोन करतं का? त्या दिवशी लावला, आणि स्पीकरवर टाकला.

पंडितजींची शिष्या होती, ऋतुजा नावाची. "गुरुजी रियाजाला बसलेत. काय काम होतं?" हिंदुरावांना शब्द फुटेना. नुसतं आ करून बसले. बारा वर्षांचं बोलणं घशात एकदम आलं की असंच होतं, एस.टी.च्या दारात सगळे एकदम घुसतात तसं. तर अंकितानं मोबाईल ओढून घेतला आणि सांगितलं, "धुळाप्पाण्णाचं काम हाय म्हणून सांगा."

तिकडचा रियाज मधेच थांबला. मग दुसराच आवाज, म्हातारा, जड. "कोण बोलतंय? अण्णाच्या घरातनं कोण बोलतंय?"

सयाजी मास्तरांनी चपला काढल्या आणि मोबाईलपुढं उभे राहिले. हिंदुरावांना कंठ फुटला, सगळं सांगितलं, कॅसेट, मामा, टोपी, चिंच. पंडितजी तिकडं हसायला लागले. म्हणाले, "त्या मामाला शेवटी दोन फेटे बांधले, तवा उठला." मग म्हणाले, "मी दर वेळेला अण्णाचं नाव सांगतो हो. लिहिणारे म्हणतात, बँडचं नको पंडितजी, शोभत नाही. तुमच्याच भागातनं एक पुस्तिका निघाली. त्या मास्तरांना मी माझ्या हातानं पत्र लिहिलं, पहिला गुरू धुळाप्पा, एवढं घाला. तरीबी छापलं धारवाडच."

सगळं घर सयाजी मास्तरांकडं बघतंय. मास्तर अगदी हळू म्हणाले, "मला वाटलं, पंडितजींची विसरभूल झाली असेल. म्हणून मी दुरुस्त करून घेतलं."

आता ह्याला काय म्हणायचं? पंडितजींचा गुरू पंडितजींपेक्षा मंडळाला जास्त माहिती. भक्तांच्या हातात देव सापडू नये, एवढंच मी म्हणेन.

तिकडनं पंडितजींनी विचारलं, "अण्णाचं क्लॅरिनेट आता कोण वाजवतं?"

अंकितानं बापाकडं बघितलं. मल्लिनाथनं माळ्याकडं बघितलं. आणि मला म्हणाला, "काकू, तुमचं स्टूल द्या जरा." मी पळत गेले नि पळत आले, माझ्या आयुष्यात स्टूल एवढ्या लगबगीनं मी कधी आणलं नाही. वर चढला, पेटी काढली, शर्टाच्या बाहीनं पुसली आणि पोरीच्या मांडीवर ठेवली. तिनं जोडलं कसंबसं, आणि फुंकलं. आवाज म्हणजे काय सांगू, धनगराच्या कळपात एखादं करडू चुकावं, तसा. ऐकू न येणारे दोघेसुद्धा दचकले.

पंडितजी म्हणाले, "माझा पहिला याच्याहून वाईट होता. मल्लिनाथ, तोंडाशी बसवायच्या वेताच्या पत्त्या जुन्या झाल्यात, नव्या मी पाठवतो. आणि पोरी, अण्णानं मला शिकवलं तसंच तू करायचं. रोज पहाटं उठून एकच सूर. एकच. दुसऱ्याला हात लावायचा नाही."

पत्त्या कुरियरनं आल्या. सयाजी मास्तर पान दोन नव्यानं छापून घेताहेत, आणि हिंदुराव रोज पहाटे मल्लिनाथच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसतात, जणू मोठी मैफल भरलीय. मल्लिनाथ शिफ्टवरनं येताना आता कट्ट्यावर थांबतो, लोक त्याला बापाचं विचारतात, तो सांगतो. पोरगी तर काय, गालाचे फुगे करून करून तोंड भाकरीएवढं झालंय, पण खूश हाय.

परवा आमच्या ह्यांनी डोक्यावरनं पांघरूण ओढून विचारलं, "किती दिवस चालायचं हे एकच?" मी म्हटलं, पंडितजींनी तीन महिने सांगितलेत.

आज नववा दिवस हाय.