दोन खोल्या, मध्ये भिंत

...आणि वर ती नकाशावाली पोरगी मलाच विचारते, ‘काका, टॉवेल कुठल्या हाताला लागतो?’ अहो, टॉवेल! तुम्हाला सांगतो, मी जन्मभर गवंडीकाम केलं, ढिगानं घरं उभी केली, पण टॉवेल कुठे लटकणार हे कुणाच्या बापानं मला विचारलं नाही! घर आधी उभं राहतं, माणूस त्यात राहायला येतो, ओला होऊन मोरीतून बाहेर येतो, बोंबलतो, मग कुणीतरी खिळा मारतो. ही रीत! नंतर बघू! या दोन शब्दांवर मी अख्खं आयुष्य काढलं.

पण आमच्या चिरंजिवांना कारखान्यात बनलेलं घर पाहिजे. म्हणजे कसं, खोलीएवढे खोके बनवतात, आत फरशी, दिवे, नळ सगळं बसवलेलं, ते ट्रेलरवरून आणायचे आणि क्रेननं उचलून एकमेकांना चिकटवायचे. हसू नका! मीही हसलो होतो. आता बघा माझ्या तोंडाकडे.

तर ही नकाशावाली पोरगी कॉम्प्युटर मांडीवर घेऊन आमच्या जुन्या घरात बसली आणि झाले प्रश्न सुरू... पलंग कुठे? उठता कुठल्या कुशीवरून? दिव्याचं बटण किती उंचीवर हवं? मी म्हटलं, ‘पोरी, नंतर बघू.’ ती गोड हसून म्हणते, ‘काका, आमच्याकडे नंतर नसतं. नकाशा कारखान्यात गेला की लोखंड कापलं जातं, भोकं पडतात, तारा ओढल्या जातात. काय भांडायचं ते आत्ता, कागदावर.’ नंतर नसतं! ऐकलंत? मला घाम फुटला हो.

आणि मग तिनं घात केला. आमच्या मंडळींकडे वळून म्हणाली, ‘काकू, या घरात काय काय त्रास होतो?’

झालं! बांधच फुटला! ‘अगं बाई, काय सांगू? हे घर यांनी स्वतः बांधलंय. स्वयंपाकघराचं दार ओट्यावर आपटतं. दिव्याचं बटण कपाटामागे, लग्न झाल्यापासून मी झाडूच्या दांड्यानं दिवा लावते. मोरीचं दार लावलं की आतल्या माणसाचे गुडघे अडकतात. काही म्हटलं की, नंतर बघू! आणि घोरणं तर विचारूच नकोस...’ पोरगी सगळं टिपून घेत होती. घोरणंसुद्धा! मला सांगा, नकाशात घोरण्याचं काय काम?

माझं टाळकं सरकलं. एकही शब्द खोटा नव्हता, म्हणून तर जास्त सरकलं! तेवढ्यात पोरगी विचारते, ‘झोपायची खोली एकच ना?’ मी गरजलो, ‘दोन! तिची तिकडे, माझी इकडे, मध्ये भिंत! दारसुद्धा नको!’ ‘काका, नक्की?’ ‘नक्की!’ ‘काकू?’ ही म्हणाली, ‘त्यांचं नक्की, तर माझंही नक्की.’ एरवी मला सही करायची म्हणजे एकेक अक्षर आठवावं लागतं, शाळा कुठे केली आपण? पण त्या दिवशी रागाच्या भरात नकाशावर एका झटक्यात उमटली मेली!

मग अबोला. मग एका सकाळी हिनं चहाचा कप पुढे सरकवला, ‘साखर पुरे का हो?’ म्हणाली, संपलं भांडण. आमची भांडणं अशीच संपतात. पण हे त्या नकाशाला कोण सांगणार? तसाच धावलो कारखान्यात. ‘पोरी, ती भिंत काढ.’ ‘काका, तुमचा खोका वेगळा, काकूंचा वेगळा. लोखंडी चौकटी जोडून झाल्या. आता भिंत हलवली तर तारा हलतील, नळ हलतील, छप्पर हलेल.’ घ्या! मी आयुष्यात कितीतरी भिंती बांधल्या, चुकल्या म्हणून पाडल्या, परत बांधल्या, आणि कागदावरची ही एक मला हलेना!

घर आलं. चिकटलं. बटण बरोबर हाताखाली, टॉवेल डावीकडे, गुडघे मोकळे... नाव ठेवायला जागा नाही हो, केवढी पंचाईत! आणि मध्ये भिंत. एक नाही, दोन! प्रत्येक खोक्याची आपली आपली, आणि आत आवाज अडवायला लोकर कोंबलेली. मी खोकलो, तिकडे पत्ता नाही. ठोकलं, पत्ता नाही. पूर्वी घोरायला लागलो की बरगडीत कोपर बसायचं, ‘अहो, कूस बदला!’ आता माझ्याच घोरण्यानं मी दचकून उठतो, वाट बघतो, कोपर येत नाही. कूस कधी बदलायची हे माणसाला आपलं आपण कळतं का?

शेवटी पोरगी घर बघायला आली, तेव्हा तिला कोपऱ्यात घेतलं, ताठा गिळला, म्हटलं, ‘काही होईल का गं?’ ती हसायला लागली. ‘काका, दाराची जागा ठेवलीय मी, दोन्ही चौकटींत. वरून ठोकलेला पातळ बोर्ड कापला की दार. तुम्ही भांडत होता ना, तेव्हाच आखली.’ तुम्हाला सांगतो, मी तिच्या पायाच पडायचा राहिलो! ‘मग काप की!’ ‘कापते. पण पलीकडची भिंत काकूंच्या खोलीत आहे. त्यांना विचारा.’

गेलो. वळसा घालून, स्वयंपाकघरातून, आणि स्वतःच्या बायकोच्या दारावर टकटक केली. ही दुपारची पलंगभर आडवी, पडदा ओढून दिवा लावलेला, चेहरा असा ताजा की मला आमचं लग्न आठवलं. मी म्हटलं, ‘अगं, मध्ये दार होतंय. आत्ताच्या आत्ता. करायचं ना?’

हिनं हात लांब केला, बटण बरोबर हाताखाली, दिवा मालवला, कुणी न सांगता कूस बदलली, आणि म्हणाली, ‘नंतर बघू.’