गाडीले श्वास पाहिजे म्हणे

...अन् वरून तो मिस्तरी म्हणते काय, तर गाडीले श्वास पाहिजे! आता तुमाले सांगतो, ज्या माणसाले सोताचं नाक पुसाले फडकं सापडत नाई, तो दुसऱ्याच्या गाडीचा श्वास मोजून राह्यला. अन् ऐकणारा कोण, तर आमचा रूपराव. गिरडच्या अलीकडं नाल्याकाठी त्याची भाजीची वाडी. वांगे, कोबी, टमाटे, सांबार म्हणजे कोथिंबीर, सारा माल एक नंबर. देठाकडं पाहून सांगन का हे वांगं काल तोडलं का परवा. पण गाडीतलं? गाडीतलं त्याले इतकंच ठाऊक, का समोर बसाचं अन् हार्न वाजवाचा.

गाडी म्हणजे मिल्ट्रीच्या लिलावातली जुनी पेट्रोलची पिकप. समोर तिघं बसतीन, मागं उघडा हौदा. डांबरी रोडवर तिची काही तक्रार नाई. पण वाडीतून डांबरीवर याचं म्हणजे मधात नाला, नाल्याच्या तळाशी असं वळण का गाडी हळू केल्याबिगर इलाज नाई, अन् वळलं का लगेच मुरमाचा उभा चढ. झालं. भरली गाडी पहिल्या गेरात अर्ध्या चढावर याची, खोकलाची, अन् बंद पडाची. मंग पंचफुला, म्हणजे रूपरावची बायको, खाली उतरे, पदर खोचे, अन् मागून धक्का मारे. हप्त्यातून तीनदा. तिनं कधी तक्रार नाई केली, तक्रार केली असती तर बरं होतं, कारण ती नुसती वर आल्यावर हात झटके अन् रूपरावकडं पाहे... अन् ते पाहणं त्याले गाडीपेक्षा जड जाये.

तशात एक्क्यांशी सालच्या मे महिन्यात लग्न निघालं. जाम गावाले त्याची बहीण लीलाबाई, तिची पोरगी गोपिका. मामा कोण? रूपराव. पंगतीची भाजी कोणाची? रूपरावची. अन् त्याच गाडीत बसून वाडीवरचे पाव्हणे. आता पाव्हण्यायच्या समोर नव्या लुगड्यात बायको गाडीले धक्का मारन? त्याच्या जिवाले लागलं ते. म्हणून गेला तो जामच्या चौकात ओमप्रकाश मिस्तरीकडं.

मिस्तरी कसा, तर चार टरक उभे असले का पाचव्याच्या सावलीत झोपणारा. रूपरावनं त्याले नीट समजावलं, इतकं नीट का माह्यासारख्यालेही समजन. "मिस्तरी, मले पळणारी गाडी नाई पाहिजे. हळू असताना ओढणारी पाहिजे. बैलावानी." मिस्तरीनं बोनटले कान लावला, डोळे मिटले, अन् म्हणे, "रूपरावजी, गाडीका दम घुट रहा है. तुमी नाक दाबून चढ चढान का? नाई नं? मंग. गाडीले श्वास पाहिजे."

वा. काय अक्कल. त्यानं काय केलं सांगतो. हवा आत घेणारं जे डबं असते नं, त्याची लांब मान असते, ते मानेसकट उपटून काढलं अन् तिथं लग्नातल्या भोंग्याएवढं तोंड बसवलं. मागचं सायलेन्सर कापलं, अन् टरकाचा जाडा पाइप लावला, इतका जाडा का त्यात मांजर संसार करन. जुनं डबं सीटमागं टाकून दिलं, म्हणे, "याची आता जरूरतच नाई, आठवण म्हणून ठेवा." सायलेन्सर मात्र सोता ठेवून घेतलं. आठवण म्हणूनच असन.

अन् आवाज? गाडी चालू केली तर चौकातले कावळे उडाले, यष्टीची वाट पाहणारी म्हातारी उभी राह्यली, तिले वाटलं यष्टी आली. रूपराव त खूश. सरळ रोडवर गाडी अशी पळाली का पुसू नका. नाल्यात उतरून गाडी परत फिरवली, रिकामी गाडी, धडधड करत चढ चढली. घरी येऊन पंचफुलाले म्हणे, "पाह्यलं? श्वास भेटला तिले."

पंचफुला वांगे निवडत होती. मान वर न करता म्हणे, "रिकामं त टोपलंही वर जाते."

बोलली नं? बोलली. ऐकलं? नाई ऐकलं. कारण गाडीतलं बायकोले काय समजते? आता गाडीतलं रूपरावले काय समजते, हे कोणं पुसावं?

लग्नाच्या दिवशी सकाळी सहा पोते वांगे, आठ पोते कोबी, टमाट्याचे क्रेट. मागं हौद्यात पाव्हणे, अन् कोबीच्या पोत्यावर आनंदाबाई, रूपरावची आत्या, सत्तरीची, एकदा बसली का उठणार नाई अशी. अन् समोर मधात पंचफुलाचा भाऊ मधुकरराव, वर्धेले सरकारी हापिसात कारकून, टेरेलीनचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेन. एक पेन लिवाचा, दुसरा कायले, ते सरकारलेच ठाऊक. बसल्यापासून सांगून राह्यला, "आमच्या साहेबांच्या गाडीला असा आवाज नाही." नाईच राहणार, बाप्पा, तुह्या साहेबानं ओमप्रकाशचं तोंड नाई पाह्यलं.

नाल्यात उतरले. वळण. गाडी हळू. पहिला गेर. अन् रूपरावनं पाय दाबला... आवाज असा का नाल्यातले दगड सरकतीन, पण गाडी? गाडी आधी चढत होती त्याच्याही निम्म्यात थांबली! पाय दाबला का गुदमरे, सोडला का मागं सरके. तीनदा केलं. तिसऱ्यांदा एक पोतं सुटलं अन् वांगे नाल्यात गडगडत गेले. म्हणजे श्वास भरपूर, ताकद नाई, आमच्या गावच्या पुढाऱ्यावानी.

मधुकरराव उतरले. बोनट उघडलं, हात मागं बांधले, म्हणजे डागबीग लागाले नको, अन् म्हणे, "पेट्रोलमध्ये कचरा आहे." मंग म्हणे, "किंवा नसेलही." आनंदाबाई वरून म्हणे, "मी नाई उतरत. काय ढकलाचं ते माह्यासकट ढकला." ढकललं. सारे पाव्हणे लागले, धोतरं मुरमात, टोप्या तिरप्या. दोन हात वर गेली अन् चार हात खाली आली. ऊन चढून राह्यलं. तिकडं जामले पोरगी मामाची वाट पाहून राह्यली असन. रूपराव स्टेरिंगवर डोकं टेकून बसला. त्याले दिसून राह्यलं, का मांडवात भोंग्यावर आवाज देऊन राह्यले, मुलीचे मामा कुठं आहेत, मुलीचे मामा... अन् मामा नाल्यात, जाडा पाइप घेऊन.

तवा पंचफुला खिडकीपाशी आली. हळूच म्हणे, "तुम्ही वाफ्याले पाणी देता, तवा लांब धार पाहिजे असली का पाइपाच्या तोंडावर बोट काऊन ठेवता?"

"जोर येते म्हणून."

"अन् पाइप मोठा केला त?"

रूपरावनं स्टेरिंगवरून डोकं उचललं. तुमाले सांगतो, पंधरा वर्षं तो माणूस रोज पाइपाच्या तोंडावर बोट ठेवून राह्यला, अन् त्याले हे सुचलं नाई, कारण सांगणाऱ्या मिस्तरीच्या हातात पाना होता अन् सांगणाऱ्या बायकोच्या हातात वांगं. ही आपली अक्कल.

मधुकरराव म्हणे, "ताई, पाण्याचं वेगळं, धुराचं वेगळं. तांत्रिकदृष्ट्या ते शक्य नाही." ताईनं त्याच्याकडं असं पाह्यलं, का तो दुसऱ्या पेनाचं टोपण लावाले लागला.

वाडी मागंच होती. पंचफुला सोता गेली अन् मोटरपंपाचा जुना लोखंडी पाइप घेऊन आली, दोन हात लांब, बारीक. तो जाड्या पाइपात घातला, रूपरावनं नाल्यातली ओली माती आणून दिली, तिनं ती भोवती थापली, वरून तार आवळली. सीटमागची ती आठवण काढली, भोंगा उपटून फेकला, अन् लांब मानेचं डबं परत जागेवर बसवलं. हात कोपरापर्यंत काळे, नवं लुगडंही काळं.

गाडी चालू केली. आवाज बारीक, घू... करत. पहिला गेर. रूपरावनं पाय दाबला तसा त्याचाच श्वास अडकला. गाडी हलली, हळूहळू, एक हात, दोन हात, अर्धा चढ, जिथं रोज खोकलत होती ती जागा गेली, अन् खोकलली नाई. बैलावानी खांदा घालून वर आली, आनंदाबाईसकट. वर येऊन रूपरावनं बायकोकडं पाह्यलं. शाबास म्हणाचं होतं. शब्द ओठापर्यंत आला अन् म्हणाला काय? "दार नीट लाव."

मांडवात पोचले तवा खरंच भोंग्यावर नाव पुकारून राह्यले होते. तशाच मातीच्या हातानं रूपराव गोपिकाच्या पाठीशी उभा राह्यला. पोरीनं मागं वळून पाह्यलं नाई, नुसता खांदा त्याच्या हाताले टेकवला, अन् रूपरावचे डोळे भरले. अक्षता पडल्या. लग्न लागलं. भाजी चिरली, शिजली, पंगत दोन तास उशिरा बसली, पण बसली.

अन् पंगतीत, पहिल्याच ओळीत, अंघोळ केलेला ओमप्रकाश मिस्तरी! पहिल्या नजरेत ओळखूच आला नाई. रूपराव बादली घेऊन वाढून राह्यला. मिस्तरी शेजारच्याले सांगून राह्यला, "गाडी आली तेव्हाच मी आवाज ओळखला. इतकं वजन, अन् शांत. हमारा काम है. मी रूपरावजीले पहिल्याच दिवशी सांगतलं, गाडीले श्वास पाहिजे." नवरदेवाचा काका म्हणे, आमची जीप पाठवतो तुमच्याकडं. अन् मधुकरराव, जो नाल्यात उभा होता, डोळ्यानं पाहत होता, तो म्हणते, "काम चांगलं आहे मिस्तरींचं, मी स्वतः बसून आलो."

रूपरावचं डोस्कं तापलं. पळी बादलीत थांबली. आता सांगतोच म्हणे. पण सांगाचं काय? का मिस्तरीनं बिघडवली. बरं. मंग सारी पंगत पुसन, सुधारली कोणं? समोरून पंचफुला पोळ्यायचं टोपलं घेऊन येऊन राह्यली होती, काळं लुगडं तसंच. ती थांबली. रूपरावकडं पाहून राह्यली. नुसती पाहून राह्यली.

रूपरावनं एक डाव तिच्याकडं पाह्यलं, एक डाव व्याह्यायकडं पाह्यलं, अन् खाली वाकून म्हणे, "वांगं घ्या मिस्तरी, गरम हाय."