मयूरीनं केलेलं माझं माहेरपण

मी काटोलची, संत्र्याच्या गावची. बाबा टेलर होते, आम्ही तिघी बहिणी, मी मधली म्हणून सगळ्यात बडबडी, अन् काय सांगू तुम्हाले, माह्या आईचा एकच हट्ट राहे, पोरगी माहेरी आली का तिनं ताट बी उचलाचं नाही. लग्न होऊन नागपूरले गेली तर तिथं सासूबाईच्या हाताखाली कंबर कधी सरळ झाली नाही, पण काटोलले पाय ठेवला का आई म्हणे, झोप बाई तू, अन् मी बापा अशी झोपो, अशी झोपो का दिवेलागणीले उठो. हे झोपेचं ध्यानात ठेवा, पुढं कामाचं हाय.

मग मयूरीच्या बाबाले वेअरहाऊसमध्ये काम लागलं अन् आम्ही इकडं कॅनडात, ब्रॅम्पटनले आलो. मयूरी इथंच झाली. लहान होती तवा चालता चालता पडे, डॉक्टर म्हणे स्नायूचा आजार हाय, आधी पाय जातील, मग हात, मग श्वासाले बी मशीन लागेल, अन् हे बरं होणारं नाही. तिचे बाबा तर मधातच हार्टनं गेले, बसल्या जागी, त्याचं रडणं झालं, आज ते नाही सांगत. आता पोरगी खुर्चीतून कॉलेज शिकून राहिली, घरूनच, लॅपटॉपवर. बोटं थोडी चालतात, जीभ बम चालते. दिवसा तिच्याजवळ एक बाई येते, तवा मी वेअरहाऊसले जातो, अन् रात्रभर तिची कूस बदलून द्यायले मीच, त्यात माह्यी झोप गेली ते गेलीच.

तर दवाखान्यातली बाई म्हणे, आजारी लेकरायसाठी अन् मयूरीसारख्या मोठ्यायसाठी एक घर हाय, हॉस्पिस, तिथं चार दिवस ठेवा, तुम्ही आराम करा. मी साफ नाही म्हणलं. कामावरची हरप्रीत म्हणे, दीदी, वहाँ तो लोग आख़िरी टाइम पे जाते हैं. घरी येऊन मी देवापुढं बसली तर मयूरी मागून म्हणे, आई, आय ऑलरेडी अप्लाइड. म्हणलं, मले सोडून चालली का तू? तर म्हणे, यू नीड स्लीप, अँड आय नीड अ ब्रेक फ्रॉम यू. आता बोला.

मी मनाची समजूत घातली का पोरगी माहेरी जाऊन राहिली. मग काय, डबेच डबे, बेसनाचे लाडू, शेव, सांडग्या मिरच्या, तिथल्या समद्या नर्सायले पुरतील एवढे. ते घर पाहून मीच चाट. मोठा फिश टँक, रंगीत लाइटचा टब, कोणाचा तरी वाढदिवस, केक पार पायऱ्यांवर सांडलेला. खोटं नाही बोलत, तिथं कोणाचं लेकरू जाते बी. त्या दिवशी दारात दिवा लावतात, समदे गुपचूप होतात, अन् मग जेवणानंतर कोणीतरी पुन्हा गाणं लावते. मले आधी ते कसंतरी वाटलं, आता वाटते बरंच हाय.

तर पोरीले सोडून घरी याचं होतं, पण माहा पायच निघेना. वरती आईबापायसाठी खोली होती, राहिली तिथंच. अन् सकाळी पाहाल तर मी त्यायच्या किचनमध्ये, पातेलं घासून राहिली, फरशी पुसून राहिली. ग्लोरिया म्हणून फिलिपिनो नर्स हाय, ती म्हणे, मामा, सिट. मी कायची बसतो. कोणाच्या घरी फुकट कसं राहाचं, सांगा.

मयूरीनं तिले काय शिकवलं देव जाणे. दुसऱ्या दिवशी ग्लोरियानं माह्या हातातला मॉप काढून घेतला अन् म्हणे, नो सासुरवास हिअर, मामा, धिस इज माहेर. माहेर म्हणाली ती, अन् असं नीट म्हणाली का मले माह्यी आईच आठवली. मी वर गेली, आडवी झाली, ते एकदम अंधार पडता उठली. धावतच खाली आली, पोरीचं कसं झालं असन म्हणून. तर मयूरी तिच्याच वयाच्या दोघा-तिघांसंग व्हिडिओ गेम खेळत त्यायले शिव्या देऊन राहिली होती. मी दिवसभर नव्हती हे तिले समजलं बी नव्हतं. वाईट वाटलं, अन् आनंद बी झाला, दोन्ही खरं.

निघाच्या दिवशी ग्लोरिया ट्रे घेऊन उभी. ग्रोसरीतला नारळ, तांदूळ, अन् खण म्हणून मयूरीचा लाल स्कार्फ. मयूरी म्हणे, आई, ओटी. अवं, म्हणलं, माह्यी कोण ओटी भरते आता, तुह्या बाबामागं कोणी भरली नाही, अन् कुवारी पोरगी थोडीच भरते. ती म्हणे, हू सेज? मी इकडंतिकडं पाह्यलं, म्हणणारं कोणीच नव्हतं. जीन्स अन् हे जाड जॅकेट, पदर कुठून आणू, जॅकेटचाच घेर पुढं केला. ग्लोरियानं मयूरीचा हात खालून धरला, अर्धे तांदूळ ओटीत, अर्धे फरशीवर, अन् मी रडत रडत हासून राहिली.

आमच्यात ओटीतले चार दाणे परत देतात, माहेर भरलेलं राहावं अन् पुन्हा येणं व्हावं म्हणून. ते मी मयूरीच्या तळहातावर ठेवले अन् तिची बोटं मिटून दिली, तिची तिले मिटत नाहीत.

आता श्वासाची मशीन दिवसा बी लागते तिले. किती दिवस, हे मी डॉक्टरले विचारत नाही, तीच विचारते अन् मले सांगत नाही. पुढच्या शुक्रवारी पुन्हा जाऊन राहिलो आम्ही. दाणे तिच्या खुर्चीच्या खिशात हायत, मले हात लावू देत नाही, म्हणे, पुढच्या ओटीत हेच टाकीन. टाक माय. तुम्हाले बी असं माहेर भेटो बाई, अन् तिथं अशी झोप लागो.