झेंडूच्या पाटीतली बाटली

माझं माहेर देवळ्याकडचं, कांद्यातलं. लग्न होऊन मखमलाबादला आले ती झेंडूत अन् मेथीत, हाताचा वासच बदलला. माणूस चांगला मिळाला, कष्टाळू, लेकीवर लय जीव, फक्त सांजच्याला देशीची क्वार्टर लागायची. हात नाय उचलला कधी. काय सांगू तुम्हाला, मारणारा असता तर मी पुढचं केलंच नसतं.

गांधी जयंतीला दारूची दुकानं बंद. लोकांना सुट्टी, मला धास्ती. आमचे मालक मग नाल्याकडं हातभट्टीला जायचे, एका साली तिथली पिऊन आले अन् ओकून ओकून पार पांढरे पडले. तवापासनं मीच आदल्या दिवशी नाशकात फुलं विकून येताना, पदर तोंडावर ओढून, एक क्वार्टर घ्यायची अन् रिकाम्या पाटीत गोणपाटाखाली घालून आणायची. दुकानदार म्हणायचा, काय मावशी, जयंतीची तयारी का. मी मान खाली घालायची. माणूस घरी राहतो ना, मग झालं.

सुनीता, माझी लेक, तवा चौथीत. शाळेत प्रभातफेरी झाली, गांधीबाबाच्या फोटोला हार माझ्याच झेंडूचा. गुरुजींनी पोरांना सांगितलं, आज घरी मोठ्यांकडनं एक वचन घ्या. ही आली ती चप्पल न काढता आबांपुढं उभी, म्हणाली आबा, आजपासनं नाय प्यायची. मालक हसले, म्हणाले आज तर सरकारनंच बंद केलीय. ती हसेना. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाले बरं, नाय पिणार.

सांज झाली तसे हात कापाया लागले, बनियन घामानं भिजलं, भाकरीचा तुकडा तोंडापर्यंत जाईना. पण नाल्याकडं गेले नाय, नुसते लेकीकडं बघत बसले. मला वाटलं, हा माणूस आता मरतो. डॉक्टरला बोलवावं, शेजारच्या दिराला हाक मारावी, कायच सुचलं नाय. सुनीताला काडीपेटीला धाडलं अन् पाटीतनं बाटली काढून त्यांच्यापुढं ठेवली. म्हणाले, आजबी देतीस? मी म्हटलं, घ्या, उद्यापासनं सोडा.

तो उद्या काय आला नाय. सुनीता परतली तवा घरात वास भरलेला. काडीपेटी चुलीपाशी ठेवली अन् बाहेर जाऊन बसली. बाटली कुणी दिली ते मालकांनी तिला मरेपर्यंत सांगितलं नाय, अन् मीबी नाय. लिव्हरनं गेले ते. पोरीनं परत त्यांच्याकडं काय मागितलं नाय.

आता ती येवल्याकडं शाळेत बाई हाय. जयंतीचा हार माझ्याकडनंच जातो, एसटीनं. तिच्या भिंतीवर आबांचा फोटो नाय. विचारलं तर म्हणते, आई, शब्द न पाळणाऱ्याचा फोटो कशाला लावू.

तुम्ही छापता ते ती सगळं वाचते, म्हणून तुम्हाला सांगितलं. आबा तिला दिलेल्या शब्दाला धरून बसले होते, मोडला तो मी. औंदा मी दोन हार पाठवणार हाय. दुसरा कुणाला, ते हे वाचल्यावर तिला कळंल. माझ्यावर रागावली तर रागावू द्या. पोरगी सुखी राहो.