नीरफणसावरची लाल फुली

—आणि तो रंगाचा डबा आधी खाली ठेव, मग बोल. तोडायची फुली मारायला आलास ना माझ्या नीरफणसावर? मला काय कळत नाही होय? हॉटेलवाल्यांना इथं गाड्या उभ्या करायच्यात — बोटीतून उतरलेले पाहुणे धबधब्यापर्यंत चालले तर त्यांचे पाय झिजतील! अरे, आजवर चालतच येत होते की. घामाघूम होऊन यायचे, माझ्याकडचं नारळपाणी प्यायचे, वर खोबऱ्याची वडी मागायचे. धबधबा काय पळून चालला होता?

काय दाखवतोयस? सही? कथबर्टची? माहितीय मला. माझाच मुलगा — टोरांटोत बसून ही जागा विकायच्या कागदावर सही करतो, त्याला काय जातंय! मग असं कर, तो बघ कडेचा माड. कथबर्ट जन्मला तेव्हा त्याची नाळ पुरून वर मीच लावलेला. तो तोड. खुशाल तोड. ज्याची सही, त्याचं झाड. हसतोस काय? तू लोरेटाचा नातू ना? तुझीही नाळ तिनं परसात कुठल्यातरी झाडाखाली पुरलीच असेल — जा, मार फुली त्याच्यावर, बघू आजी घरात घेते का!

पण हा नीरफणस कथबर्टचा नाहीच मुळी. हा ओडीलचा. कोण म्हणजे? माझी मुलगी. तुला कसं माहीत असणार, तू जन्मलाही नव्हतास. नुकती रांगायला लागली होती — त्या मोठ्या वादळात नदी घरात शिरली. कथबर्टला मी पाठीवर घेतलं होतं, तिला कडेवर — आणि — जाऊ दे. लोकांनी पार समुद्रापर्यंत शोधलं. कबर कसली खणणार, पुरायला काही हाती तर लागायला हवं! तिची नाळ तेवढी राहिली, या मुळांत. बाकी काही नाही. तुमचे पाहुणे ज्या धबधब्यापुढे उभे राहून फोटो काढतात ना, तिला नेलं ते त्याचंच पाणी. रोज बघते मी त्याच्याकडे. डोळ्याला डोळा भिडवून बघते. तुझ्या साहेबाला घाबरेन होय?

सांग त्याला, म्हातारी झाडाला पाठ टेकून बसलीय. करवत आणायची तर आणा, आधी मला उचला. आता डोळे कशाला पुसतोस? कीव नकोय मला तुझी. चल, हो बाजूला — पाहुणे येतायत चढ चढून, त्यांना सावलीत बसू दे.