अडाणी माणसाची चाचणी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, ज्यांच्या निरोपासाठी आज आपण जमलो आहोत त्या आमच्या बाई, त्यांचे सहकारी, स्वतःच्या हिमतीवर सिनेमे करणारी सगळी हट्टी मंडळी, आणि दाराजवळच्या खुर्च्या धरून बसलेल्या, चहा आला की सर्वांत आधी उठणाऱ्या मित्रहो,

सूत्रसंचालकांनी माझी ओळख 'ज्येष्ठ सल्लागार' अशी करून दिली. मी आधी मागं वळून बघितलं, म्हटलं आणखी कुणी उठतंय की काय. बाईंच्या कार्यालयात माझं पद 'अडाणी' असं आहे. चेष्टा नाही. 'उद्या अडाणी येणार आहेत ना?' असं तिथं एकमेकांना विचारतात. आदरार्थी बहुवचनात विचारतात, एवढं मात्र खरं.

हा काय प्रकार, हे सांगायला हवं. ज्यांच्या पाठीशी कुठली मोठी कंपनी नाही, अशांच्या सिनेमांसाठी बाई संकेतस्थळं तयार करतात. शब्द जड आहे, मी आपलं वेबसाइटच म्हणतो. तर कुठलीही वेबसाइट जगासाठी खुली करण्याआधी बाई तिच्यासमोर एका अशा माणसाला बसवतात, ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तो मी. बाई पाठीमागं उभ्या राहतात, हात मागं बांधून. का बांधून? तर समोरचा चाचपडायला लागला की आपला हात आपोआप पुढं जातो म्हणून. नियम कडक. कुणी मदत करायची नाही, आणि अडाण्यानं मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं. सगळं झालं की बाई एकच प्रश्न विचारतात, "आता पुढं काय करावंसं वाटतं?" उत्तर 'सिनेमा बघावासा वाटतो' असं आलं तर पान पास. दुसरं काहीही आलं, तर सगळे पुन्हा कामाला.

आता आयुष्यभर एका कारखान्याच्या कार्यालयात हेडक्लार्की केलेल्या माणसाला स्वतःच्या अज्ञानाचा असा मान मिळाला, तर तो फुगणार नाही का? मी फुगलो. पहिलंच पान उघडलं आणि त्यातून असा ढोल वाजला की मी खुर्चीसकट मागं गेलो. म्हटलं, "बाई, पाहुणा दारात पाय ठेवतोय तोच त्याच्या कानाशी थाळी कशाला बडवायची?" ढोल गेला. एका गृहस्थांच्या पानावर बक्षिसांच्या माळाच माळा. मी म्हटलं, "अभिनंदन! पण सिनेमा कुठं बघायचा?" ते गृहस्थ इथं समोरच बसलेत आणि आत्ता हसतायत, म्हणजे त्यांनी मला माफ केलंय. आणखी एकांनी स्वतःचा फोटो भिंतीएवढा लावला होता आणि सिनेमाचं नाव मुंगीएवढं. बाईंनी त्यांना शांतपणे विचारलं, "लोकांनी तिकीट तुमचं काढायचंय की सिनेमाचं?" हा बाईंचा आवाज. कधी चढत नाही, पण लागतो.

तर असा मी मजेत होतो. आणि मग एक दिवस बाईंनी मला चौथ्या पानासमोर बसवलं.

इथून पुढचं बोलायला मला जरा जड जातंय. पाणी पितो.

मंडळी, कारखाना बंद पडल्यावर मी एका मोठ्या दुकानात कामाला लागलो. नातेवाइकांत, शेजारीपाजारी मी 'सुपरवायझर' आहे. माझा धाकटा भाऊ इथं माझ्या बायकोशेजारी बसलाय, त्यालाही हेच माहीत आहे. आम्ही भाऊ असूनही त्यानं मला जन्मात कधी अरे-तुरे केलं नाही. 'दादा, तुम्ही' असंच. वडील लवकर गेले, तेव्हापासून.

ते दुकान खेळण्यांचं आहे. दाराबाहेर एक मोठं तपकिरी अस्वल उभं असतं. मुलांना मिठी मारतं, पोट हलवून नाचतं, फोटोत उभं राहतं. ते अस्वल मी आहे.

नाही, हसा, हसा. त्यात हसण्यासारखंच आहे. हेडक्लार्कची सही ज्या हातानं करायचो, त्याच हाताला आता पंजा आहे. आतून घामाच्या धारा लागतात. डाव्या पंजाची शिवण उसवली होती, ती मीच घातली. घरात तपकिरी दोरा नव्हता म्हणून निळ्यानं घातली. मला वाटायचं, काय बिघडतंय? तोंड तर झाकलेलं आहे. ते मुंडकं घातलं की मी कुणाचा दादा नाही, कुणाचा बाप नाही. खरं सांगू का, चोरी नाही, लबाडी नाही, कष्टाचं काम आहे. तरी लाज वाटायची. लाजेला कारण लागतंच असं कुठं आहे?

तर चौथं पान. उघडलं. ढोल नाही, माळा नाहीत. शांत पांढरं पान आणि मधोमध एक पंजा. तपकिरी. निळी शिवण.

नियमाप्रमाणं मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं होतं. मी म्हटलं, "हे... अस्वल आहे." पुढं सरकवलं. दुकानामागची पायरी. पायरीवर अस्वल बसलंय, मुंडकं शेजारी काढून ठेवलंय, आणि वर माझं डोकं, केस चिकटलेले, हातात चहाचा कप. खाली एक ओळ होती, 'माझे बाबा कामावर'. दिग्दर्शिका, माझी मुलगी. ती तिथं मागं कॅमेरा लावून उभी आहे, आज या समारंभाचं चित्रण करतेय. मी बोलायला लागल्यापासून तिनं डोळा काचेवरून काढलेला नाही.

तिला कसं कळलं? तर तिनं मला रस्त्याच्या पलीकडून वाकण्यावरून ओळखलं होतं. गुडघा वाकवताना मी आधी मांडीवर हात टेकतो म्हणे. जगातलं कुठलं अस्वल असं करतं?

तिसरा फोटो बघितला आणि माझा हात थांबला. त्यात माझा भाऊ होता. आपल्या मुलीला, आमच्या छोटीला घेऊन दुकानात आला होता तो दिवस. मला आतून सगळं ऐकू येत होतं. तो तिला सांगत होता, "याच दुकानात तुझे मोठे काका साहेब आहेत बरं का!" आणि मग माझ्याकडं वळून, "ए, जरा नीट उभा राहा की! फोटो काढायचाय. सरक तिकडं." मी सरकलो. छोटीनं मिठी मारली. मी श्वास धरून ठेवला, न जाणो, मोठ्या काकांचा श्वास ओळखू यायचा. आणि त्या फोटोत त्याचा वर केलेला हात तसाच्या तसा आला होता.

बाईंनी पाठीमागून विचारलं, "आता पुढं काय करावंसं वाटतं?" आवाज नेहमीचाच. मी म्हटलं, "बंद करावंसं वाटतं. कुठून बंद करतात हे?" मला खरंच सापडत नव्हतं हो.  तेव्हा बाईंनी पहिल्यांदा आपला नियम मोडला. मागचे हात सोडले, पुढं आल्या आणि पडदा बंद केला.  मी चपला घातल्या आणि निघून आलो.

घरी मुलगी दारातच उभी होती. म्हणाली, "बाबा, तोंडानं सांगायचा धीर झाला नाही. तुमचा होकार आल्याशिवाय हे कुणालाही दिसणार नाही." मी म्हटलं, "मग नाहीच दिसणार. काकाला काय वाटेल?" बघा, भावाचं नाव पुढं केलं. बायको आतून म्हणाली, "माझ्यापासून काय लपवताय? तुमचे बनियन मी धुते. त्या अस्वलाची लोकर मी वर्षभर निवडतेय." म्हणजे माझ्या घरात एकटा मीच लपलेला होतो, आणि बाकीच्या दोघी मला लपू देत होत्या.

पोरगी शब्दाला जागली. पुन्हा विषय काढला नाही. दुसऱ्यांच्या समारंभांचं चित्रण करत राहिली. बाईंनीही नाही. मला पुन्हा अडाणी म्हणून बोलावत राहिल्या आणि मी निर्लज्जासारखा जात राहिलो. दुसऱ्यांच्या पानांना नावं ठेवत राहिलो.

हे सगळं आज इथं कशाला उगाळतोय, असं अध्यक्ष महोदयांना वाटत असेल. विनोदी काहीतरी सांगा म्हणून मला उभं केलं होतं. कारण असं आहे. मघाशी या पडद्यावर आपण बाईंची सगळी कामं पाहिली. टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. आणि वाजवता वाजवता माझे हात थांबले, कारण त्यात ते पान नव्हतं. बाईंनी केलेलं सगळ्यांत चांगलं पान. मी अडाणी असलो तरी चाळीस पानं पाहिलीत, मला तेवढं कळतं. बाई आज काम थांबवून जातायत आणि त्यांचं सगळ्यांत चांगलं काम माझ्यामुळं अंधारात आहे. माझ्या पोरीचा पहिला सिनेमा माझ्यामुळं अंधारात आहे. अस्वल झाल्याची लाज मी आजवर वागवली. पण मघाशी त्या खुर्चीत बसून जी लाज वाटली ना, तिच्यापुढं ती काहीच नाही.

बाई, तुमचा लॅपटॉप इथं टेबलावर उघडाच आहे. मी बसतो. नाही, सूत्रसंचालक, तुम्ही पुढं येऊ नका. कुणी मदत करायची नाही. बाई, तुम्ही पण हात मागं घ्या.

मोठ्यानं बोलतो, नियमाप्रमाणं. इथं 'तयार' असं लिहिलंय. उघडतो. एकच पान आहे आत. बिचारं एकटंच. पंजा दिसला. माझाच. खाली दोन बटणं आहेत. एकावर 'काढून टाका' आहे. देवा, चुकून ते नको. दुसऱ्यावर 'खुलं करा'.

धाकट्या, हे दाबायच्या आधी तुला सांगतो. त्या दिवशी तू अस्वलाला बोललास, मला नाही. तुझी काही चूक नाही. मी आत राहून गप्प बसलो, ती माझी... अरे, तू उठलास कशाला? जाऊ नकोस रे. दार तिकडं आहे, तू इकडं कुठं... बरं. ये. ये वर. रडू नकोस, लोक बघतायत. मदत करायची नाही मात्र. असा मागं उभा राहा. हात मागं घे, बाईंसारखे. शाबास.

दाबलं.

'आपलं पान आता सर्वांना दिसू शकतं' असं म्हणतंय. आलं बघा पडद्यावर. हो, ती निळी शिवण. मी म्हटलं ना.

बाई, तुम्ही विचारा ना. आज सगळ्यांसमोर विचारा.

सिनेमा बघावासा वाटतो, बाई. मी अजून पाहिलेला नाही.

अध्यक्ष महोदय, दिलेल्या वेळेच्या फार पुढं गेलो. आयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचे आभार. बाईंचे आभार मानायला माझ्याकडं शब्द नाहीत, म्हणून त्यांच्यासमोर हे बटण दाबलं, तेच गोड मानून घ्यावं. बोलण्याच्या भरात कुणाला टोचलं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर पदरात घ्या. आता कुणीतरी दिवे घालवा.

आणि पोरी, तो कॅमेरा बंद कर, इकडं येऊन माझ्याजवळ बस. 'चित्रपट पाहा'चं बटण मला सापडलंय.