शेवटची साठ पानं

गंगापूर रोडच्या बसमध्ये जियाच्या पुढे एक बाप-लेक बसले होते. लेकीच्या मांडीवर ॲडव्हान्स इंग्लिशची वही होती. सुट्टीत कादंबरी वाचायची आणि रोज वहीत घरच्यांची सही घ्यायची, असा कॉलेजचा अभ्यास होता. तश्शीच वही जियाच्याही दप्तरात होती.

“पप्पा, शेवटची सही राहिली. आज पहिल्याच तासाला दाखवायचीय.”

“आधी गोष्ट सांग. रोज ऐकूनच सही केलीय मी.”

“शेवटी मार्थाचा भाऊ घरी येतो. संपली.”

“कोणता भाऊ? तो तर खाणीत मेला ना! त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं.”

“मग... दुसरा असेल.”

“असेल? ईश्वरी, वाचलंय कोणी?”

“साठ पानं राहिलीत हो. शेवट नेटवर बघितला. करा ना सही, नाहीतर क्लासमधून काढतील.”

“तास कितीला?”

“अकराला.”

“आत्ता नऊ वाजलेत, माझी शिफ्ट तीनला. कॉलेजबाहेरच्या कट्ट्यावर बसू. तू वाच आणि मला सांग. तो भाऊ मेला का जगला, कळल्याशिवाय मी हलणार नाही.”

जिया पुढे वाकली.

“काका, मीपण येऊ? माझ्या अम्मीने सगळ्या सह्या एकाच दिवशी करून टाकल्यात.”